अमेरिकेतील पदवी प्रवेशाची तयारी: अकरावीपासून व्हिसापर्यंत

हार्वर्ड, येल, एमआयटी किंवा ॲमहर्स्टसारख्या संस्थांत पदवीच्या पहिल्या वर्षासाठी अर्ज करू पाहणाऱ्या महाराष्ट्रातील विद्यार्थ्याने कामांचा क्रम एकाच कसोटीवर लावावा: जे काम दुसऱ्याच्या हातात आहे ते आधी सुरू करावे, आणि जे सर्वस्वी स्वतःच्या हातात आहे ते नंतर. बहुतेक घरांत नेमके उलटे होते. निबंधावर महिनोन्महिने खल चालतो आणि डिसेंबरअखेर शिफारसपत्रासाठी कॉलेजच्या कार्यालयात खेपा घालाव्या लागतात.

पहिले काम नावाचे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव, विद्यार्थ्याचे नाव आणि वडिलांचे नाव असा क्रम असतो; पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि वडिलांचे नाव बहुधा विद्यार्थ्याच्या नावाला जोडून येते; आधार कार्डावर इंग्रजी स्पेलिंगमधले एखादे अक्षरच निराळे निघते. त्यामुळे पासपोर्ट अकरावीतच काढून घ्यावा आणि प्रवेश अर्ज, सॅट या प्रवेशपरीक्षेची नोंदणी, इंग्रजीची चाचणी व बँकेची कागदपत्रे या सर्वांत नाव पासपोर्टप्रमाणेच लिहावे.

दुसरे काम पैशांचे, आणि ते आईवडिलांनी मुलासमोर बसून करावे. नामांकित खासगी विद्यापीठांत शुल्क, राहणे आणि जेवण धरून वर्षाचा खर्च ८०,००० डॉलरच्या वर जातो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट आणि डार्टमथ या संस्था परदेशी अर्जदाराचीही निवड त्याची आर्थिक स्थिती न पाहता करतात आणि निवड झाल्यावर कुटुंबाला न झेपणारी रक्कम, त्यांच्या हिशेबाप्रमाणे, पूर्ण भरून देतात. स्टॅनफर्ड, कॉर्नेल यांसारख्या संस्था मात्र परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली आहे की नाही, हे निवडीच्या वेळी विचारात घेतात. शिवाय अनेक ठिकाणी अर्ज करताना मदत मागितली नाही, तर पुढील वर्षांत ती मागता येत नाही. ‘आधी प्रवेश तर मिळू दे, पैशांचे नंतर पाहू’ हा विचार म्हणूनच महागात पडतो. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी. शिक्षणासाठी आहे, पदवीसाठी तिच्यावर विसंबू नये.

मदत मागणाऱ्याला बऱ्याच संस्थांसाठी सीएसएस प्रोफाइल हा तपशीलवार आर्थिक अर्ज भरावा लागतो. नोकरदार पालकांचे फॉर्म १६ आणि आयकर विवरणपत्र सहज हाती लागते. शेतकरी किंवा छोटा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबाची खरी परीक्षा इथे होते. सातबारा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सोसायटीच्या पीककर्जाचा हिशेब हे सारे मराठीत असते, म्हणून त्यांची इंग्रजी भाषांतरे वेळेत करून घ्यावीत आणि उत्पन्न वर्षागणिक का बदलते, हे एका पानात सरळ लिहून ठेवावे.

तिसरे आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित काम शिक्षकांचे. साधारणतः दोन विषयशिक्षकांची पत्रे आणि शाळेच्या समुपदेशकाचा अहवाल लागतो. आपल्याकडे अनेक मुले अकरावीला अशा कनिष्ठ महाविद्यालयात नाव घालतात जिथे ती प्रात्यक्षिकांपुरतीच जातात, शिकतात क्लासमध्ये. मग बारावीत कळते की, ज्यांच्या सहीला वजन आहे त्यांना मुलाचा चेहराही ठाऊक नाही. ज्याला अमेरिकेला अर्ज करायचा आहे त्याने अकरावीची निवड करतानाच हे ध्यानात घ्यावे, निदान दोन शिक्षकांच्या तासांना नियमित बसावे, प्रश्न विचारावेत, आणि जूनमध्येच त्यांना विनंती करून आपल्या कामाचे टिपण द्यावे. समुपदेशक नसेल, तर प्राचार्य किंवा उपप्राचार्य ही जबाबदारी घेऊ शकतात. मात्र त्यांना ऑनलाइन अर्ज शेजारी बसून दाखवावा लागतो, आणि त्यात कमीपणा मानू नये. नववी व दहावीचे गुण एका शाळेचे, अकरावीचे दुसऱ्या संस्थेचे, अशी गुणांची नोंद जुळवावी लागते. नववीचे प्रगतिपुस्तक अनेकांकडे नसते. जुन्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची प्रत घ्यावी.

परीक्षांबाबत थोडक्यात सांगायचे, तर एमआयटीने २०२२ मध्ये आणि हार्वर्ड, डार्टमथ व ब्राउनने २०२४ मध्ये सॅट किंवा तिच्यासारखीच एसीटी ही परीक्षा पुन्हा अनिवार्य केल्याचे जाहीर केले. पहिला प्रयत्न अकरावी संपताच मे-जूनमध्ये आणि दुसरा ऑगस्ट किंवा ऑक्टोबरमध्ये करावा, म्हणजे जेईई आणि बारावीच्या अभ्यासाशी ओढाताण होत नाही.

आता स्वतःच्या हातातले काम. कॉमन ॲप, म्हणजे अनेक विद्यापीठांसाठीचा सामाईक ऑनलाइन अर्ज, १ ऑगस्टला नव्या वर्षासाठी खुले होते. एमआयटीचा अर्ज वेगळा असतो. कॉमन ॲपमध्ये दहा उपक्रमांची जागा आहे आणि प्रत्येक वर्णनाला १५० अक्षरचिन्हांचीच मर्यादा. ‘गणेशोत्सव मंडळात सक्रिय सहभाग’ या शब्दांतून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. मंडळाचा वर्गणीचा हिशेब वहीतून संगणकावर आणला, तो सर्वांपुढे मांडला आणि किती घरांची नोंद ठेवली, हे लिहिले की काम दिसते. घरची जबाबदारीही इथे मानाने लिहावी: धाकट्या भावंडांना शिकवणे, दुकानावर बसणे, आजीची शुश्रूषा. मुख्य निबंध ६५० शब्दांपर्यंतचा असतो. तो विकत घेऊ नये आणि दुसऱ्याकडून लिहून घेऊ नये.

मुदतींत अर्ली डिसिजन, म्हणजे एकाच संस्थेकडे आधी केलेला अर्ज, बंधनकारक आहे, निवड झाल्यास बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात. त्याची मुदत बहुधा १ नोव्हेंबरच्या सुमारास असते. म्हणून मदतीचा आकडा जुळेल याचा अंदाज घेतल्याशिवाय तो पर्याय निवडू नये. नियमित अर्ज जानेवारीच्या पहिल्या दिवसांत संपतात, निकाल मार्चअखेर लागतात आणि होकार साधारण १ मेपर्यंत कळवायचा असतो. बारावीचा निकाल त्यानंतर येतो आणि तोही विद्यापीठाला पाठवावा लागतो, त्यामुळे एप्रिलमध्ये पत्र हाती आले म्हणून बोर्डाचे गुण घसरल्यास चालेल असे समजू नये. होकारानंतर निधीचे पुरावे देऊन विद्यापीठाकडून आय-२० हे व्हिसासाठी लागणारे प्रमाणपत्र मिळवावे, सेविस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे शुल्क भरावे आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतीची तारीख ताबडतोब घ्यावी. त्याच आठवड्यात लहानपणीचे लसीकरण कार्ड शोधून डॉक्टरांकडून विद्यापीठाच्या आरोग्य फॉर्मवर नोंदी करून घ्याव्यात, कारण गोवर-गालगुंड-रुबेलाच्या मात्रांचा पुरावा बहुतेक ठिकाणी मागतात आणि राहिलेली मात्रा निघण्यापूर्वी घेता येते.