वाइन जमत नाही म्हणण्याआधी: सोलापूरकरांनो, या चुका टाळा

सोलापुरात वाइनबद्दल दोनच मतं ऐकू येतात. एक, "त्यात काय, द्राक्षाचं आंबट पाणी." दुसरं मत ग्लासाची दांडी दोन बोटांत धरून, भुवई उंचावून सांगितलं जातं आणि त्यात 'नोट्स' (म्हणजे वास-चवीच्या छटा) हा शब्द हमखास असतो. पहिल्या मंडळींच्या वाट्याला बहुतेक वेळा गरम किंवा बिघडलेली बाटली आलेली असते. दुसऱ्यांच्या धाकाने बाकीची माणसं त्या वाटेलाच जात नाहीत. गंमत म्हणजे वाइनच्या निम्म्याहून अधिक तक्रारी फ्रिज, ताट आणि थोडा विचार एवढ्यावर मिटतात.

'रूम टेंपरेचर' कुणाच्या रूमचं?

रेड वाइन फ्रिजमध्ये ठेवायची नाही, हा नियम कुणीतरी सांगितलेला असतो आणि आपण तो इमानेइतबारे पाळतो. तो नियम युरोपातल्या थंड दगडी घरांचा आहे. तिथे खोलीचं तापमान १६ ते १८ अंश. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेलेला, आणि रात्री नऊलाही स्लॅबखालचा हॉल भट्टीसारखा. अशा खोलीतली रेड प्यायली की आधी अल्कोहोल नाकात जातं, मग घसा जळतो आणि फळाची चव कुठल्या कुठे. माणूस म्हणतो, "कडक आहे." कडक नाही, गरम आहे.

रेडची बाटली पिण्याआधी निदान ४०-४५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. व्हाइट आणि रोझेला (फिकट गुलाबी वाइनला) दोन-तीन तास द्या. पाहुणे दारात आणि बाटली बाहेर, अशी वेळ आली तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घाला. १५-२० मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात बाटली खुपसली तर मध्ये हवा राहते आणि थंडावा नीट पोचत नाही, म्हणून पाणी हवंच. ग्लासात बर्फाचा खडा टाकला तर? टाका. चव जरा पातळ होईल, पण गरम रोझेपेक्षा ती बरी.

चव बिघडली की बाटलीच बिघडलेली?

ही तपासणी दुकानातच सुरू होते. पाटी 'वाइन शॉप'ची, आत सगळा व्हिस्की-रमचा पसारा, आणि वाइनच्या चार बाटल्या वरच्या फळीवर ट्यूबलाइटला टेकून कधीपासून उभ्या. बाटली हातात घ्या आणि लेबलवर कुठल्या वर्षाची आहे ते बघा. बूच थोडं वर आलंय का, मानेवरून चिकट ओघळ उतरलाय का, हे बोटाने चाचपून पाहा. तसं असेल तर ती बाटली उन्हात शिजलेली आहे. दुकानदाराकडे नवा माल मागा, फ्रिजमधला असेल तर उत्तमच.

घरी उघडल्यावर नाक वापरा. रेडला कढवलेल्या जॅमसारखा वास, किंवा व्हाइटचा रंग तपकिरीकडे झुकलेला: उष्णतेने गेली. ओल्या पुठ्ठ्याचा, बंद खोलीतल्या ओलीचा वास: बुचाचा दोष, त्यावर इलाज नाही. व्हिनेगरचा वास: हवा लागून आंबली, ती आता पिण्याची नाही. जळक्या काडीचा किंवा किंचित सडक्या अंड्याचा वास मात्र बऱ्याचदा ग्लास गोल फिरवून पाच-दहा मिनिटं थांबलं की उडून जातो, तेव्हा लगेच ओतून देऊ नका. तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे बारीक खडे दिसले तर घाबरू नका. ते टार्टरिक आम्लाचे क्षार असतात आणि निरुपद्रवी असतात.

फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल, हा समज सोडा. लवकर प्यायच्या वाइनला ते झाकण उलट जास्त भरवशाचं, बुचाची भानगडच नाही. आणि "लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला उघडू" म्हणून माळ्यावर ठेवलेली बाटली आजच खाली काढा. वाइन जितकी जुनी तितकी भारी, हे फार थोड्या बाटल्यांना लागू पडतं. आपल्याकडची साधी व्हाइट वर्ष-दोन वर्षांत आणि साधी रेड तीन-चार वर्षांत प्यायची असते. स्लॅबलगतच्या माळ्यावर तर ती एक उन्हाळाही धड काढत नाही.

मटणाच्या रश्शावर कॅबर्ने उघडू नका

खरी पंचाईत इथे होते. 'रेड मीट, रेड वाइन' हे वाचून हौशी माणूस मटणाबरोबर कॅबर्ने सोव्हिन्याँ ही सगळ्यात दणकट रेड आणतो. पण आपलं मटण म्हणजे काळा मसाला, वर लाल तर्री. तिखटाने पेटलेल्या जिभेवर अल्कोहोल आणखी आग लावतं, आणि रेडमधला टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून उतरणारा तुरटपणा दुप्पट जाणवतो. मग दोष वाइनला.

तर्रीच्या रश्शाबरोबर थंडगार, किंचित गोडसर शेनिन ब्लाँ ही व्हाइट किंवा रोझे घेऊन बघा. अल्कोहोल जितकं कमी तितकं बरं. रेडच हवी असेल तर अळणी मटण किंवा कमी तिखटाचा खिमा करा आणि सँजोवेझेसारखी आंबटपणाकडे झुकणारी हलकी रेड थोडी गार करून घ्या. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही हे ताट माझ्या मते वाइनला मटणापेक्षाही जास्त मानवतं. शेंगदाण्याचं तेल आणि दही मिळून तिखटाची धार मोडतात. हिवाळ्यात हुरड्याबरोबर थंड स्पार्कलिंग (फसफसणारी) वाइन घेतली तर कोवळ्या ज्वारीची गोडी आणखी उघडते. शेंगापोळीबरोबर मात्र कोरडी, म्हणजे गोडी नसलेली वाइन नकोच, ती कडवट लागते. गोड पदार्थापेक्षा वाइन गोड हवी, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

पोर्टवरून सगळ्यांची परीक्षा

पुष्कळांची पहिली वाइन म्हणजे गोव्याहून आणलेली स्वस्त, गोड 'पोर्ट'. ती आवडत असेल तर खुशाल प्या, त्यात कमीपणा काही नाही. फक्त तिच्यावरून बाकीच्यांचा निकाल लावू नका. मूळ पोर्तुगालची पोर्ट ब्रँडी घालून मुद्दाम जड केलेली असते, आणि रोजच्या जेवणातली कोरडी वाइन ही वेगळीच चीज आहे. परदेशी म्हणजे चांगली, हाही तसलाच समज. आयात वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं, त्यामुळे त्या बाटलीचे निम्म्याहून जास्त पैसे चवीला गेलेलेच नसायचे.

शब्दांची धास्ती

चाखायला फ्रेंच यावं लागत नाही. उखळात कुटलेली शेंगाचटणी आणि मिक्सरमधली चटणी डोळे मिटून ओळखणारी जीभ वाइनला पुरेशी तयार असते. जांभूळ, करवंद, चिंच, पेरू, पहिल्या पावसाची माती, तुरट, आंबट, जड, हलकी: वहीत हेच लिहा. कुठली बाटली, कशाबरोबर, आवडली की नाही, दोन ओळी बास. चार मित्रांनी वर्गणी काढून एकाच द्राक्षाच्या दोन कंपन्यांच्या वाइन शेजारी शेजारी चाखल्या तर एका संध्याकाळी जेवढं कळतं तेवढं महिनाभर वाचूनही कळत नाही. ग्लास साधा चालेल, फक्त वर थोडा निमुळता हवा आणि एक तृतीयांशच भरावा. फिरवायचं ते वास मोकळा व्हावा म्हणून, एकदा-दोनदा. पुढची कसरत लोकांसाठी असते.

पेगच्या सवयीने मात्र पिऊ नका. वाइनमध्ये १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं आणि ७५० मिलीच्या बाटलीत जेमतेम पाच ग्लास. "हृदयाला चांगली" म्हणून औषधासारखी घेणाऱ्यांनी एक ऐकावं: अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. जेवणात आग्रह करणं आपल्या रक्तात आहे, पण ग्लासाच्या बाबतीत तो आवरा. उरलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस सहज टिकते.

बाग न बघता शौक

नान्नजचे द्राक्षबागायतदार नानासाहेब काळे यांनी सोनाकासारखी वाणं दिली, त्यामुळे द्राक्ष म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर लांबट, गोड, बिनबियांचा मणी येतो. त्याची घरी 'वाइन' घालायच्या फंदात पडू नका. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं आणि कितीतरी जास्त साखरेचं असतं. तेही आपल्याच जिल्ह्यात पिकतं. अकलूजजवळ फ्रातेल्ली या वाइन कंपनीच्या बागा आहेत. इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून त्या उभ्या केल्या. खरड छाटणी (नव्या काड्या फुटाव्यात म्हणून) एप्रिलमध्ये, फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला आणि तोडणी साधारण जानेवारी ते मार्च, म्हणजे युरोपात वेली झोपलेल्या असतात तेव्हा.

तोडणीच्या दिवसांत, आधी फोन करून जा. बागेतल्या माणसांशी मराठीत बोला, छाटणीबद्दल विचारा. जमलं तर रेडच्या द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकून रस गिळा आणि साल तेवढी चावत राहा. जीभ कोरडी पडते, गालफडं आत ओढली जातात. तेच टॅनिन. तोडण्याआधी मात्र विचारा, शेवटची फवारणी कधी झाली ते बागवाल्यालाच ठाऊक असतं.