पहिल्या स्प्रिंटला बसण्याआधी

अ‍ॅजाइल टीममध्ये, म्हणजे स्प्रिंट नावाच्या, बहुतेकदा दोन आठवड्यांच्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीममध्ये, नव्याने रुजू झालेल्याला पहिल्या आठवड्यात दिसतात त्या फक्त मीटिंगा: स्टँडअप (रोजची छोटी बैठक), प्लॅनिंग (स्प्रिंटची आखणी), रिफाइनमेंट (पुढच्या कामांची फोड), रिव्ह्यू (झालेलं काम दाखवणं), रेट्रो (काय सुधारायचं याची चर्चा). मग काम करायचं कधी, असं वाटणं साहजिक आहे. या पद्धतीचा खरा फायदा कळायला बोर्डावरचं (टीमच्या कामांच्या फळ्यावरचं) एखादं तिकीट, म्हणजे एका कामाची नोंद, नीट बघावं लागतं. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्डला १७ जणांनी लिहिलेल्या अ‍ॅजाइलच्या जाहीरनाम्यात ४ मूल्यं आणि १२ तत्त्वं आहेत. स्टँडअप आणि पॉइंट्स (कामाच्या आकाराचा अंदाज) हे शब्द त्यात शोधून सापडणार नाहीत. चालतं सॉफ्टवेअर लवकर आणि वारंवार हाती द्यावं, हे मात्र आहे.

समजा स्टोरी (वापरणाऱ्याच्या गरजेच्या शब्दांत लिहिलेलं काम) अशी आहे: ग्राहकाला जुनी बिलं डाउनलोड करता यावीत. नवखा डेव्हलपर तिचे थर पाडतो. डेटाबेसचं एक तिकीट, एपीआयचं (स्क्रीन आणि डेटाबेस जोडणाऱ्या भागाचं) दुसरं, स्क्रीनचं तिसरं. तिन्ही जुळेपर्यंत टेस्टरला हात लावायला काही मिळत नाही, आणि जुळतात ती स्प्रिंटच्या शेवटच्या दिवशी. त्याऐवजी उभे तुकडे पाडा. आधी फक्त गेल्या महिन्याचं बिल, एक बटण, एक पीडीएफ. मग १२ महिन्यांची यादी. मग बिल नसेल किंवा नेट तुटलं तर काय दाखवायचं ते. पहिला तुकडा दोन-तीन दिवसांत टेस्टरकडे जातो, आणि तेव्हाच दिसतं की ‘किंमत’मधली वेलांटी ‘क’च्या डावीकडे यायची ती उजवीकडे जाऊन बसली आहे, कारण वापरलेली पीडीएफ लायब्ररी देवनागरीची जुळणी करत नाही. लायब्ररी बदलायची तर तिसऱ्या दिवशी बदलणं परवडतं. दहाव्या दिवशी तीच गोष्ट सगळ्यांच्या शनिवार-रविवारवर येते.

दुसरी गोष्ट, एका वेळी हातात किती घ्यायचं. हिशोब सोपा आहे: सरासरी लागणारे दिवस म्हणजे चालू असलेली तिकिटं भागिले रोज पुरी होणारी तिकिटं. बोर्डावर १२ चालू आणि रोज २ पुरी होत असतील, तर एका तिकिटाला सरासरी ६ दिवस लागतात. वेग तोच ठेवून चालू तिकिटं ६ वर आणली की ३ दिवस. म्हणून आपलं काम कोड रिव्ह्यूत (सहकाऱ्याने कोड तपासण्यात) अडकलं की नवीन तिकीट ओढू नका. दुसऱ्या कुणाचा रिव्ह्यू आधी उरका. ‘रिकामा बसलाय’ असं दिसेल या भीतीने उघडलेलं तिसरं तिकीटच पुढे स्पिलओव्हर होतं, म्हणजे न संपता पुढच्या स्प्रिंटमध्ये जातं.

‘माझ्याकडून झालंय’ आणि ‘झालंय’ यांत फरक आहे. कोड मर्ज (मुख्य कोडमध्ये मिसळलेला), टेस्ट पास, टेस्टरने तपासलेलं, स्टेजिंगवर (खऱ्यासारख्या चाचणी सर्व्हरवर) चालणारं, अशी यादी टीमने लिहून ठेवलेली असते. नसेल तर पहिल्याच दिवशी विचारा.

स्टँडअप १५ मिनिटांचा. पुण्यातली टीम आणि अमेरिकेतला क्लायंट असला की तो संध्याकाळी होतो, आणि मग बरेच जण साहेबाला हजेरी दिल्यासारखं बोलतात: ‘कालच्याच तिकिटावर काम चालू आहे.’ याने कुणालाच काही कळत नाही. असं सांगा: ‘डाउनलोडचं बटण चालतंय, टेस्ट सर्व्हरचा ॲक्सेस नाही म्हणून दुपारपासून अडलोय, तो आज मिळाला तर उद्या टेस्टिंगला देतो.’ पण अडल्यावर स्टँडअपची वाट बघत बसू नका. तासभर खटपट करून सुटत नसेल तर ग्रुपवर विचारा, काय काय करून बघितलं त्यासकट.

पॉइंट्सचे तास करू नका. ५ पॉइंट म्हणजे ५ तास नव्हेत. आधीच्या एखाद्या ओळखीच्या कामाच्या तुलनेत हे केवढं, एवढंच ते सांगतात. दोन टीमच्या पॉइंट्सची तुलना करणारे मॅनेजर भेटतील. मग लवकरच सगळ्यांचे ३ चे ५ होतात आणि आकड्याचा उपयोग संपतो. आणखी एक, गणपतीच्या आठवड्यात अर्धी टीम गावी असताना नेहमीचेच ३० पॉइंट उचलणारे दरवर्षी असतात. प्लॅनिंगला बसण्याआधी आपल्या रजा सांगून टाका.

रेट्रोमध्ये दहा तक्रारी निघतात. त्यातली एकच निवडा, तिचं तिकीट बनवा, त्यावर कुणाचं तरी नाव टाका आणि पुढच्या स्प्रिंटमध्ये घ्या. बोर्डावर न आलेली सुधारणा पुढच्या रेट्रोत पुन्हा त्याच शब्दांत ऐकू येते.