ग्रंथालयासाठी कॉपीराइटचे मोफत मार्गदर्शन: कुठे शोधावे आणि कसे वापरावे

दुर्मीळ पुस्तक स्कॅन करावे का, सभासदाने मागितलेली पूर्ण झेरॉक्स द्यावी का, असे प्रश्न मुंबईतल्या सार्वजनिक ग्रंथालयांत नित्याचे आहेत. बहुतेकांची उत्तरे फुकट मिळतात, फक्त शोधण्याचा क्रम चुकू नये.

सुरुवात मूळ कायद्यापासून करावी. कॉपीराइट अधिनियम, १९५७ हा कॉपीराइट कार्यालयाच्या आणि इंडिया कोड या सरकारी कायदेसंग्रहाच्या संकेतस्थळांवर विनामूल्य वाचता येतो. प्रत २०१२च्या दुरुस्तीनंतरचीच घ्यावी, कारण स्वतःजवळ छापील प्रत असेल तर जतनासाठी ती डिजिटल स्वरूपात साठवण्याची अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयांना असलेली मुभा, म्हणजे कलम ५२(१)चा खंड 'एन', कपाटातल्या जुन्या प्रतीत सापडणार नाही. लगेच पुढचा खंड 'ओ' वाचावा. भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या जास्तीत जास्त तीन प्रती त्यानुसार करता येतात, पण त्या ग्रंथालयाच्या वापरासाठी. सभासदाला घरी ठेवायला नव्हेत. दादरच्या दुकानात पुस्तक मिळाले नाही एवढ्यावर 'विक्रीस नाही' असे ठरवू नये. प्रकाशकाला ईमेलने विचारावे आणि त्याचे उत्तर दाखल क्रमांकासह जपून ठेवावे. दृष्टिहीन वाचकांसाठी प्रत करायची असल्यास खंड 'झेडबी' पाहावा.

त्यानंतर मुदत तपासावी. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे टिकतो. आचार्य अत्रे १३ जून १९६९ रोजी गेले. म्हणून त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांवरचा हक्क ३१ डिसेंबर २०२९पर्यंत आहे, मग पुस्तक १९३५चे असो वा १९६५चे. शीर्षकपृष्ठाच्या मागची बाजू जरूर वाचावी, कारण अनुवादक, चित्रकार किंवा प्रस्तावनाकार निराळा असेल, तर त्याच्या भागाची मुदत स्वतंत्रपणे मोजावी लागते. हे पान वाचायचे राहून जाते आणि घोटाळा बहुधा तिथेच होतो.

परदेशी साधनांकडे यानंतर वळावे. ग्रंथालयांसाठी ईआयएफएल या आंतरराष्ट्रीय संस्थेने काढलेली कॉपीराइटविषयक पुस्तिका मोफत आहे, आणि जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा प्राथमिक ऑनलाइन अभ्यासक्रमही विनाशुल्क आहे. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची तक्तेवजा साधने प्रश्न कोणत्या क्रमाने विचारावेत हे छान शिकवतात, मात्र त्यांची उत्तरे अमेरिकी कायद्याची आहेत. तिथे अनेक जुन्या पुस्तकांची मुदत प्रकाशनापासून ९५ वर्षे मोजतात, त्यामुळे तो आकडा आपल्या नोंदवहीत उतरवू नये.

लेखकाचा वारस सापडत नसताना पुस्तक संकेतस्थळावर टाकायचे असेल, तर कलम ३१-अ नुसार परवान्याची वाट आहे. त्यासाठी आधी इंग्रजी दैनिकात प्रस्ताव प्रसिद्ध करावा लागतो, त्यामुळे इथे मात्र वकिलाचा सल्ला घेतलेला बरा.