खाडीकाठच्या पावसात ब्रेक चिकटला तर

पावसाळ्यात वाशी-नेरुळकडे आठवडाभर हँडब्रेक ओढून उभ्या गाडीचे मागचे ब्रेक शू (चाक थांबवणाऱ्या अर्धगोल पट्ट्या) गंजून ड्रमला, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी डब्याला, चिकटतात. जोरात रेस देऊ नका, शूवरचं अस्तर (लायनर) उखडतं. हँडब्रेक सोडून पहिला आणि रिव्हर्स गिअर आलटून पालटून टाका, गाडी हलकेच मागेपुढे करा. ‘खट्’ वाजलं की सुटला. नाहीच, तर ड्रमच्या कडेवर रबरी हातोडी. पुढच्या वेळी सपाट जागी हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.

पुढचं एकच चाक तापत असेल तर दुखणं वेगळं. गाडी जॅकस्टँडवर घेऊन कॅलिपरचा (डिस्कला चिमट्यासारखा धरणारा भाग) ब्लीडर निपल, म्हणजे ब्रेक ऑइल सोडायचा छोटा स्क्रू, जरासा सैल करा. चाक मोकळं झालं तर बहुधा ब्रेक होज (ब्रेक ऑइलची रबरी नळी) आतून बंद. जामच राहिलं तर कॅलिपरचा पिस्टन (ब्रेक पॅड दाबणारा) किंवा स्लाइड पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो) अडकलेली. पिनला सिलिकॉन ग्रीसच, साध्या ग्रीसने रबर फुगतं. निपल उघडलाय, तेव्हा ब्लीडिंग (ब्रेक ऑइलमधली हवा काढणं) केल्याशिवाय गाडी हलवू नका.