आजीचं बियाण्याचं ज्ञान मोबाईलवर टाकताना

आपल्या इकडं आजीला विचारलं तर ती सांगते, तुरीचं बियाणं कडक उन्हात वाळवून राखेत कडुनिंबाचा पाला टाकून ठेवायचं म्हणजे कीड लागत नाही. याचा व्हिडिओ घ्यायचा तर दुपारच्या उन्हात नको, सकाळी ओसरीवर बसवा, रीलसाठी मोबाईल उभा धरा, पंखा बंद करा नाहीतर आवाजाचा सत्यानाश. आणि बाप्पा, तिला पाठ करून बोलायला लावू नका, हातानं काम करू द्या अन् मधी मधी ‘किती दिवस वाळवतेस वं आजी?’ असं विचारत राहा, वऱ्हाडी बोली तशीच ठेवा, खाली सबटायटल द्या. एका व्हिडिओत एकच गोष्ट.

अपलोडच्या आधी तिला दाखवा, नाव-गाव टाकू का तेही विचारा.

जडीबुटीचं मात्र सगळं उघडं करू नका, लोकेशन बंदच ठेवा, नाहीतर लोक येऊन झाड मुळासकट उपटून नेतील. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत समिती असते, तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत, म्हणजे गावातली झाडंझुडपं अन् त्यांची माहिती लिहून ठेवायच्या वहीत, हे आधी लिहून घ्यायला लावा, मगच यूट्यूब. रेंज कमी असली तर गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसती ऑडिओ क्लिप टाकली तरी चालते, म्हातारी माणसं तीच जास्त ऐकतात.