स्थायी समितीत या आठवड्यात काय झालं, हे स्वतः कसं शोधावं

'रस्ता मंजूर झाला' ही बातमी मी एकाच रस्त्याबद्दल चार वेळा वाचली आहे, आणि चारही वेळा ती खरी होती. पहिल्यांदा अंदाजपत्रकात तरतूद झाली, दुसऱ्यांदा पूर्वगणनपत्रकाला, म्हणजे खर्चाच्या तपशीलवार अंदाजाला, मान्यता मिळाली, तिसऱ्यांदा निविदा मंजूर झाली, चौथ्यांदा नारळ फुटला. रस्ता तोवर होता तसाच होता.

मी गेली काही वर्षं आमच्या भागातल्या लोकांसाठी दर आठवड्याला महापालिकेच्या कामकाजाचं एक पानी टिपण लिहितो. हे कसं करायचं असं कुणी विचारलं की आजूबाजूचे सल्ला देतात, 'नगरसेवकाला फोन लाव.' लावा, पण तो त्याने काय मागितलं ते सांगेल. सभेत काय ठरलं ते कागदावरच सापडतं, आणि तो कागद वाचायला कुणाची ओळख लागत नाही.

आधी एवढं पक्कं करून घ्या. मुंबईचा कारभार १८८८ च्या कायद्यावर चालतो, राज्यातल्या बाकीच्या महापालिकांचा १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमावर. खाली येणारे कलमांचे आकडे १९४९ च्या कायद्यातले आहेत. त्यात स्थायी समिती सोळा नगरसेवकांची असते, तिची सभा आठवड्यातून एकदा व्हायची असते, आणि पैशांचे बहुतेक विषय तिच्यासमोरून जातात. सर्वसाधारण सभा महिन्याची. तिला पुण्यात मुख्य सभा म्हणतात, ठाण्या-नाशकात महासभा. आठवड्याचं टिपण लिहायचं तर स्थायी धरा.

पायरी १ : विषयपत्रिका उतरवून घ्या

महापालिकेच्या संकेतस्थळावर नगरसचिव विभाग शोधा, तिथे विषयपत्रिका किंवा कार्यपत्रिका, म्हणजे सभेपुढच्या विषयांची यादी, असते. लगेच स्वतःकडे उतरवून ठेवा, कारण पुढच्या महिन्यात तीच लिंक चालेल याची खात्री नाही. फाइल बऱ्याचदा स्कॅन केलेली असते किंवा जुन्या फाँटमधली, त्यामुळे कंट्रोल-एफ दाबून आपल्या भागाचं नाव सापडलं नाही तर विषयच नाही असं समजू नका. डोळ्यांनी वाचा.

पायरी २ : चाळणी लावा

शंभर विषय असतील तर सात-आठ निवडा. 'अवलोकनार्थ' आलेले विषय फक्त माहितीचे असतात, ते वगळायला हरकत नाही. याला एकच अपवाद, कलम ६७(३)(क). अपघात, साथ किंवा अनपेक्षित घटना घडली तर आयुक्त तातडीने खर्च करतात आणि नंतर समितीला कळवतात, त्याचं हे कलम. कामाचं नाव वाचा आणि त्यात तातडी कुठली होती ते स्वतःला विचारा.

मुदतवाढ, वाढीव खर्च, वर्गीकरण आणि ५(२)(२) हे चार शब्द दिसले की मात्र थांबायचंच. वर्गीकरण म्हणजे अंदाजपत्रकात एका कामासाठी ठेवलेले पैसे दुसऱ्याकडे वळवणं. विषयात कुणाला मिळाले ते ठळक असतं, कुणाचे गेले ते तक्त्याच्या कोपऱ्यात. मी आधी कोपरा वाचतो. ५(२)(२) म्हणजे अनुसूची ड मधल्या पाचव्या प्रकरणाचा नियम. त्याखाली स्थायीच्या मान्यतेने, कारण नोंदवून, निविदा न मागवता काम देता येतं. कधी ते कारण रास्त असतं. ते तिथे लिहिलेलं असायला हवं एवढंच आपण बघायचं.

पायरी ३ : वाक्य शेवटून वाचा

पालिकेचं वाक्य आठ ओळींचं असतं आणि क्रियापद आठव्या ओळीत. म्हणून तिथूनच सुरुवात करा. शेवटी 'पूर्वगणनपत्रकास मान्यता देणे' असेल तर अजून निविदाच निघालेली नाही. 'निविदा स्वीकृत करून करारनामा करणेस मान्यता देणे' असेल तर ठेकेदार ठरला. 'मुदतवाढ देणे' असेल तर काम रखडलं आहे, आणि मग 'विनादंड' हा शब्द आहे की नाही तेवढं शोधा.

मग मधला भाग वाचा. 'विविध ठिकाणी', 'आवश्यकतेनुसार', 'अनुषंगिक कामे करणे' या तिन्हींचा अर्थ एकच, की ठिकाण कागदावर नाही. माझ्या टिपणात असा विषय आला की मी 'ठिकाण दिलेलं नाही' असंच लिहितो. अंदाजाने आपल्या गल्लीचं नाव घालायचा मोह होतो. तो आवरा.

टक्क्यांनाही भुलू नका. '२२ टक्के कमी दराने' म्हणजे पूर्वगणनपत्रकापेक्षा कमी. एक कोटीचं काम अठ्ठ्याहत्तर लाखांत गेलं, वर जीएसटी वेगळा. बचत झाली असं लगेच लिहायची घाई करू नका. वर्षाने अठरा लाखांच्या वाढीव खर्चाचा विषय आला की बेरीज शहाण्णवावर जाते, आणि तेव्हा तुमच्या वहीत जुना आकडा नसेल तर हे कुणाच्याच लक्षात येत नाही.

पायरी ४ : विषयापासून ठरावापर्यंत पोचा

बाकी सगळं चार आठवड्यांत अंगवळणी पडतं. या पायरीवर माझं पहिलं वर्ष वाया गेलं.

विषयपत्रिका म्हणजे काय ठरलं नव्हे. सभेपुढे काय ठेवलं, एवढंच ती सांगते. हे तोंडाने सगळे मान्य करतात आणि तरीही पत्रिकेवरूनच 'मंजूर' लिहून मोकळे होतात. मीही लिहिलं होतं. आमच्याकडे एका मलवाहिनीचा विषय पत्रिकेत होता, सभा झाली, मी टिपणात लिहिलं की काम मंजूर झालं. पुढचे कित्येक महिने शेजारी मला विचारत होते की खोदाई कधी सुरू होणार. विषय त्या सभेत निघालाच नव्हता. सभा गणसंख्येअभावी, म्हणजे पुरेसे सदस्य हजर नसल्याने, तहकूब झाली होती.

तहकुबीनंतर खरा घोळ सुरू होतो. तहकूब सभा नंतरच्या तारखेला भरते. कधी जुने विषय तसेच चालतात, कधी एखादा विषय पुढच्या पत्रिकेत नव्या क्रमांकाने येतो. ठराव झाला की त्याला आणखी वेगळा, ठरावाचा क्रमांक पडतो. म्हणजे पत्रिकेतला विषय ३७ तुम्ही ठरावांच्या यादीत ३७ म्हणून शोधत बसलात तर भलत्याच विभागाची औषधखरेदी हाती लागते. मी बसलो होतो. महिनाभर माझा समज होता की मलवाहिनीचा विषय गायब केला आहे, आणि तसं मी दोघातिघांना सांगितलंही. तो गायब नव्हता. मी चुकीचा क्रमांक धरून शोधत होतो.

युक्ती मला नगरसचिव कार्यालयातल्या एका लिपिकाने दाखवली, तीही माझी कटकट थांबावी म्हणून. विषयाच्या वर किंवा सुरुवातीला 'संदर्भ' असतो, म्हणजे आयुक्तांच्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख. विषय तहकूब होवो, पुढे ढकलला जावो, नव्या पत्रिकेत जावो, हा संदर्भ तोच राहतो. ठरावावरही तो छापलेला असतो. तेव्हा वहीत चार रकाने करा: संदर्भ क्रमांक, विषय क्रमांक, सभेची तारीख, ठराव क्रमांक. शोधायचं नेहमी पहिल्या रकान्यावरून. विषय क्रमांकावर विसंबू नका, असं मी प्रत्येक नवख्याला सांगतो आणि प्रत्येक नवखा एकदा तरी विसंबतोच. विषय आयुक्तांकडून न येता सदस्याच्या प्रस्तावाने आला असेल तर संदर्भात तसं नमूद असतं. तिथे सूचकाचं नाव आणि तारीख धरा.

ठराव हातात आला की त्यातला शेवटचा शब्द बघा. 'मान्य' सरळ आहे. 'तहकूब' म्हणजे पुढे ढकलला. 'फेरसादर करावा' म्हणजे दुरुस्ती करून पुन्हा आणा. 'अभिप्रायासाठी' म्हणजे चेंडू प्रशासनाकडे. 'दप्तरी दाखल' मात्र नीट लक्षात ठेवा, कारण हा शब्द भल्याभल्यांना फसवतो. दाखल म्हणजे स्वीकारला, असं कानाला वाटतं. पालिकेच्या भाषेत विषय दप्तरी दाखल केला म्हणजे तो गुंडाळला. एका मंडळाने आपली मागणी दप्तरी दाखल झाली म्हणून पेढे वाटल्याचं मी पाहिलं आहे. त्या दिवशी मी काही बोललो नाही.

यानंतर उपसूचना, म्हणजे मूळ विषयात सभेतच सुचवलेला बदल. कितीही घाईत असलात तरी ठराव शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. मूळ विषय असतो उद्यानातल्या दिव्यांचा, आणि खाली 'उपसूचनेसह मान्य'. ती उपसूचना दिव्यांची संख्या बदलणारी असू शकते, नाहीतर उद्यानाशी काडीचा संबंध नसलेलं एखादं काम त्याच ठरावात घालणारी. विषयपत्रिकेत ती नसतेच, कारण ती सभेत मांडली जाते. म्हणून फक्त पत्रिका वाचणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. आयत्या वेळच्या विषयांचंही तेच. तातडीच्या कामांसाठी ती सोय आहे आणि ती हवीच. पण मार्चअखेर जवळ आली की सगळंच तातडीचं होतं. पत्रिकेतल्या विषयांची संख्या आणि ठरावांची संख्या शेजारी शेजारी लिहा. ठराव जास्त निघाले तर जास्तीचे एक-एक करून उघडा. माझी निम्मी महत्त्वाची टिपणं या वजाबाकीतून आली आहेत.

ठराव झाला म्हणजेही कायमचं ठरलं असं नाही. इतिवृत्त, म्हणजे सभेच्या कामकाजाची नोंद, पुढच्या एखाद्या सभेत कायम होतं, आणि तोवर मी 'इतिवृत्त कायम व्हायचं आहे' असा शेरा ठेवतो. शिवाय कलम ४५१ खाली राज्य सरकार ठराव निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. रोज घडणारी गोष्ट नाही ही, पण एखाद्या वादग्रस्त ठरावानंतर सगळं शांत झालं की मी तिकडे एक डोळा ठेवतो.

प्रशासक असलेल्या काळातल्या कागदांबद्दल एक वेगळी सूचना. २०२२ पासून काही वर्षं बऱ्याच महापालिकांवर प्रशासक होते, आणि समितीचे व सभेचे अधिकार त्यांच्याकडेच होते. त्या काळातल्या ठरावांत सूचक-अनुमोदक शोधू नका, ते नसतात. विषय ठेवणारा आणि मान्य करणारा एकच. जुन्या कामाचा माग काढताना धागा इथे तुटल्यासारखा वाटतो, पण संदर्भ क्रमांक इथेही कामी येतो.

पायरी ५ : अडलं तर माहिती अधिकार

ठराव संकेतस्थळावर नसेल तर आधी नगरसचिव कार्यालयात जाऊन मागा. तिथे काम होत नसेल तरच २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे प्रस्तावना नको. 'काम का रखडलं' असं विचारू नका, कारण कागदावर नसलेली मतं आणि खुलासे या कायद्याखाली मिळत नाहीत, नोंदी मिळतात. 'अमुक संदर्भ क्रमांकाच्या विषयावरील ठरावाची व कार्यादेशाची प्रत' असं मागा. कार्यादेश म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश. रागाने लिहिलेले माझे पहिले तीन अर्ज 'माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची आहे' या एका ओळीने परत आले होते.

पायरी ६ : टिपण लिहा

एका विषयाला तीन ओळी पुरतात. काय, किती रुपयांचं, आणि कुठल्या टप्प्यावर. टप्पा लिहिताना 'मंजूर' हा शब्द एकटा कधीच वापरू नका. 'पूर्वगणनपत्रक मान्य', 'निविदा मान्य', 'कार्यादेश दिला' असं पूर्ण लिहा. विशेषणं टाळा. कुणी चोर म्हटल्यावर लोक भांडतात आणि आकडा विसरतात.

सभा झाली त्याच रात्री टिपण पाठवायची घाई मी सोडली आहे. ठराव हाती येईपर्यंत त्या विषयासमोर 'निर्णय कळलेला नाही' असं लिहितो, आणि पुढच्या आठवड्याचं टिपण आधी त्या रिकाम्या जागा भरून सुरू करतो. सध्या माझ्या वहीत अशा अकरा जागा आहेत. सगळ्यात जुनी आहे ती एका पादचारी पुलाची, तिच्यापुढे गेल्या उन्हाळ्यापासून 'अभिप्रायासाठी' एवढंच लिहिलेलं आहे.