न वाजवता गिटार घेताना: नाशिककरांसाठी मापांची वाट

अकूस्टिक गिटार घ्यायची तर ती मांडीवर घेऊन, वाजवून, शेजारच्या दुसरीशी ताडून पाहावी, याहून चांगला मार्ग नाही. परंतु १५ ते ४० हजार रुपयांच्या टप्प्यात नाशिकमध्ये राहणाऱ्याला तो प्रत्येक वेळी उपलब्ध नसतो. नवशिक्यांच्या गिटारी शहरातल्या वाद्यांच्या दुकानांत सहज दिसतात; मात्र आपल्याला हवे ते मॉडेल, हव्या त्या आकारात, भिंतीवर टांगलेले असेलच असे नाही, आणि ते पाहण्यासाठी मुंबई किंवा पुणे गाठले तरी त्या दिवशी ते तेथे असेल याची खात्री देता येत नाही. म्हणून अनेकांना गिटार न वाजवताच मागवावी लागते. गिटारीतल्या काही गोष्टी घडणीतच ठरलेल्या असतात आणि पुढे बदलता येत नाहीत, तर काही गोष्टी कारागीर तासाभरात बदलून देतो. हा भेद नीट ओळखला, तर अशी खरेदी पुष्कळशी निर्धास्तपणे करता येते.

सुरुवात संकेतस्थळावरून न करता मोजपट्टीने करावी. स्वतःची जुनी गिटार, क्लासमधली गिटार किंवा मित्राची गिटार, जी हाताला सोयीची वाटते ती घ्यावी आणि तिची मापे लिहून काढावीत. नट म्हणजे नेकच्या (गिटारीच्या मानेच्या) वरच्या टोकाची तारा टेकणारी पट्टी, आणि फ्रेट म्हणजे नेकवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या; नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचे अंतर दुप्पट केले की स्केल लेंग्थ, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, मिळते. नटची रुंदी, बॉडीच्या खालच्या भागाची रुंदी आणि तिची खोली, एवढी मापे पुरेशी आहेत. जवळजवळ प्रत्येक नामांकित उत्पादक हीच मापे आपल्या माहितीपत्रकात देतो, त्यामुळे हाताला ठाऊक असलेली गिटार आणि न पाहिलेली गिटार यांची तुलना घरबसल्या होऊ शकते.

एक उदाहरण घेऊ. यामाहाच्या एफजी ८०० आणि एफएस ८०० या दोन गिटारींचे वरचे लाकूड एकाच प्रकारचे आहे आणि दोघींची नट ४३ मिलिमीटरची आहे; तरी पहिलीची स्केल लेंग्थ ६५० मिलिमीटर आणि बॉडीची रुंदी ४१२ मिलिमीटर आहे, तर दुसरीची अनुक्रमे ६३४ आणि ३८० मिलिमीटर. कागदावर हा फरक किरकोळ भासतो. प्रत्यक्षात मात्र त्याच जाडीच्या तारा, त्याच सुरात, लांब स्केलवर अधिक ताणलेल्या असतात, फ्रेटमधले अंतर वाढते, आणि रुंद बॉडीवर उजवा हात खांद्यापासून उचलावा लागतो. लहान चणीच्या व्यक्तीला, शाळकरी मुलाला किंवा प्रामुख्याने बोटांनी वाजवणाऱ्याला दुसरी गिटार अधिक सुखाची ठरते. भजनाला किंवा गाण्याच्या मैफलीला भरदार साथ द्यायची असेल तर पहिली. मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये घडवलेला ड्रेडनॉट हा मोठा आकार आज इतका रूढ झाला आहे की पुष्कळ लोक त्यालाच गिटारीचा एकमेव आकार मानतात आणि खांदा अवघडला तरी सरावात दोष शोधत राहतात. हा आकार स्वतःसाठी आहे का, याचा विचार मागवण्यापूर्वीच करावा, कारण नंतर त्यावर उपाय नाही.

दुसरी न बदलणारी गोष्ट म्हणजे वरची फळी. गिटारीचा आवाज मुख्यतः ती घडवते. या किमतीत ‘सॉलिड टॉप’, म्हणजे सलग लाकडाची वरची फळी, मिळालाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्णनात नुसते ‘स्प्रूस टॉप’ असे लिहिले असेल आणि ‘सॉलिड’ हा शब्द नसेल, तर ती फळी बहुधा लॅमिनेट, म्हणजे पातळ थर चिकटवून केलेली असते, असेच धरून चालावे आणि विक्रेत्याला लेखी विचारावे. ध्वनिछिद्राच्या कडेचा जवळून घेतलेला फोटो मिळाला तर अधिक चांगले: वरच्या पृष्ठभागावरच्या उभ्या रेषा कडेवरून खाली उतरताना दिसल्या तर लाकूड सलग आहे, कडेत आडवे थर दिसले तर ते लॅमिनेट आहे. काही गिटारींत ही कड रंगवलेली किंवा पट्टीने झाकलेली असते, तेथे लेखी उत्तरावरच भागवावे लागते. मागची आणि बाजूची फळी लॅमिनेट असली तरी या टप्प्यात तक्रार करू नये. तशी बॉडी कोरड्या हवेत कमी तडकते, आणि नाशिकची हवा पाहता तो गुणच आहे.

वरच्या फळीला लाकूड स्प्रूस की सीडर की महॉगनी, हा प्रश्न व्हिडिओ ऐकून सुटेल अशी पुष्कळांची अपेक्षा असते. ती काही अंशीच पुरी होते. एकाच वादकाने, एकाच खोलीत, एकाच मायक्रोफोनवर दोन गिटारी लागोपाठ वाजवल्या असतील तर त्यांच्यातला फरक विश्वासार्ह असतो, आणि तोही हेडफोनवर ऐकावा. वेगवेगळ्या वाहिन्यांवरची ध्वनिमुद्रणे एकमेकांशी ताडू नयेत, कारण तेथे आपण गिटारीपेक्षा खोली आणि संपादनच अधिक ऐकत असतो. पिकअप, म्हणजे गिटारीचा आवाज ध्वनिवर्धकाकडे नेणारे उपकरण, बसवलेली गिटार रंगमंचावर वाजवण्याचा बेत निश्चित असेल तरच घ्यावी. तेवढेच पैसे चांगल्या फळीवर खर्च केलेले बरे.

आता बदलता येणाऱ्या गोष्टींकडे वळू. नव्या गिटारीची ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, कारखान्यातून बहुधा थोडी जास्तच येते. बाराव्या फ्रेटपाशी जाड सहाव्या तारेखाली सुमारे अडीच मिलिमीटर आणि बारीक पहिल्या तारेखाली दोनच्या आसपास, हे बहुतेकांना मानवणारे माप आहे. ते तीन मिलिमीटर निघाले म्हणून गिटार वाईट ठरत नाही. बॉडीवर तारा जेथे अडकवतात त्या ब्रिजमध्ये बसवलेल्या, तारा टेकणाऱ्या पट्टीला सॅडल म्हणतात; तिचा तळ घासून ॲक्शन उतरवता येते. येथे एक हिशेब लक्षात ठेवावा: बाराव्या फ्रेटपाशी अर्धा मिलिमीटर कमी करायचा तर सॅडल एक मिलिमीटर घासावी लागते. म्हणूनच मागवण्यापूर्वी ब्रिजचा बाजूने घेतलेला फोटो मागावा. सॅडल ब्रिजच्या वर चांगली उचललेली दिसली तर पुढे दुरुस्तीला वाव आहे. सॅडल आधीच खाली गेलेली आणि तरीही तारा उंच, असे दिसले तर दोष नेकच्या कोनात आहे. तो सुधारण्याचा खर्च या किमतीच्या गिटारीला परवडत नाही, तेव्हा ती घेऊच नये. माझ्या मते या संपूर्ण व्यवहारातला सर्वांत मोलाचा फोटो हाच होय. रंग आणि झळाळी दाखवणारे बाकीचे फोटो त्यापुढे गौण आहेत. सेटअप, म्हणजे कारागिराकडून ॲक्शन वगैरे जुळवून घेणे, आणि तारांच्या नव्या संचासाठी दोन-अडीच हजार रुपये पहिल्यापासूनच बाजूला ठेवावेत, म्हणजे गिटारीचे खरे बजेट किती हे आपोआप कळते.

कोठून घ्यावी, याचा निर्णय किमतीपेक्षा परतीच्या अटींवर करावा. ‘बदलून मिळेल’ आणि ‘पैसे परत मिळतील’ या दोन वेगळ्या अटी आहेत, आणि वाद्यांच्या बाबतीत अनेकदा पहिलीच दिलेली असते. मुदत किती दिवसांची, परतीचा वाहतूक खर्च कोणाचा, तारा बदलल्या तर परतीचा हक्क राहतो का, हे विचारून उत्तरे जपून ठेवावीत. विक्रेता अधिकृत आहे का, हे उत्पादकाच्या संकेतस्थळावर पाहावे. शहरातला परिचित दुकानदार हवे ते मॉडेल मागवून देत असेल आणि पूर्ण रक्कम देण्यापूर्वी खोके उघडून पाहू देत असेल, तर हजार-दीड हजार अधिक मोजूनही तो मार्ग मी पसंत करेन, कारण तक्रार करायला समोर माणूस असतो. ऑनलाइन व्यवहारात वाद झालाच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार विक्रेता कोठलाही असला तरी तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे, म्हणजे नाशिकमध्येच, दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीला शुल्क नाही.

मागवण्याची वेळही विचारपूर्वक निवडावी. भिवंडीच्या गोदामांतून निघणारा माल मुंबई-आग्रा महामार्गाने कसारा घाट चढून इगतपुरीवरून नाशिकला येतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्या पट्ट्यात पाऊस कोसळत असतो. पुठ्ठ्याच्या खोक्यासाठी ही वाट चांगली नव्हे. पावसाळी हवेत घरातले लाकडी दार जसे फुगून चौकटीत अडकते, तशीच गिटारीची फळीही ओलावा शोषून फुगते आणि ॲक्शन वर जाते. उलट मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत फळी आकसून खाली बसते, फ्रेटबोर्ड, म्हणजे फ्रेट बसवलेली नेकवरची फळी, आटतो आणि फ्रेटची टोके कडेने बोटांना टोचू लागतात. सलग लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. त्यामुळे दसऱ्यानंतर, हवा मधल्या अवस्थेत असताना, गिटार आणावी आणि तेव्हाच सेटअप करून घ्यावा. तो करून देणाऱ्या कारागिराचे नाव आधीच शोधून ठेवणे इष्ट.

खोके दारात आल्यावर ते दबलेले किंवा भिजलेले नाही ना, हे पाहून बाहेरचे फोटो घ्यावेत. मग खोके खोलीत तीन-चार तास ठेवावे, म्हणजे आतली गिटार खोलीच्या तापमानाला येईल, आणि उघडताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबवता व्हिडिओ घ्यावा. ध्वनिछिद्रातून मोबाईलचा प्रकाश टाकून आतल्या पट्ट्या सुटलेल्या नाहीत, ब्रिजची मागची कड फळीपासून उचललेली नाही, आणि नेक बॉडीला मिळते तेथे फट नाही, हे पाहावे. गिटार सुरात लावून ॲक्शन मोजावी. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सर्व तारा दाबून धरणारा चिमटा, लावून सहावी तार चौदाव्यावर दाबली असता सातव्याच्या आसपास साध्या कागदाची एक ते तीन पाने सरकतील एवढीच फट असावी. त्याहून कमी-अधिक असली तर ट्रस रॉडने, म्हणजे नेकचा वाक जुळवणाऱ्या आतल्या धातूच्या दांड्याने, ती जुळवता येते, त्यासाठी परत पाठवण्याची गरज नाही. त्यानंतर प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकेकदा शांतपणे वाजवावा. एखाद्याच ठिकाणी आवाज खरखरत असेल तर तो फ्रेट उचललेला असण्याची शक्यता आहे, आणि ती तक्रार पहिल्याच दिवशी लेखी कळवावी. शेवटी ट्यूनर ॲप लावून बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक, म्हणजे तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर, आणि त्याच फ्रेटवर दाबून काढलेला सूर ताडून पाहावा. नव्या तारांवरही सर्व तारांत मोठा फरक राहिला तर ब्रिजच चुकीच्या जागी बसला असण्याचा संभव असतो, आणि अशी गिटार ठेवून घेऊ नये.

यांपैकी काही दोष पहिल्या संध्याकाळी दिसत नाहीत. म्हणून परतीच्या मुदतीचा शेवटचा दिवस दिनदर्शिकेत लिहून ठेवावा, तोवर गिटार रोज सुरात लावून वाजवावी, आणि मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी ॲक्शनचे माप पुन्हा घेऊन पहिल्या दिवशीच्या मापाशी ताडावे. तारा स्थिरावताना किंचित फरक पडतो. परंतु हवा तशीच असताना अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून अधिक वाढ दिसली, तर खोके अजून घरात असतानाच गिटार परत पाठवावी.